तुकड्याचा मालक

"कुरडया घालता येतात का?" हा माझ्या नोकरीच्या मुलाखतीतला पहिला आणि शेवटचा प्रश्न होता.

मी नांदेडहून प्रयोगशाळेचा डिप्लोमा करून हिंगोलीला परत आले होते. आमच्या घरात शिकून नोकरीला लागणारी मी पहिलीच. आईनं स्वतःची ठेवणीतली साडी इस्त्री करून नेसवली होती आणि मार्कशीटांची फाइल हातात दिली होती. समोरच्या माणसानं त्या फाइलीला बोटसुद्धा लावलं नाही. पन्नाशीचा, किडकिडीत, कपाळावर चष्मा आणि ऐन मे महिन्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मला असा राग आला की म्हणून टाकलं, "मुलगा आला असता तर त्यालाही हेच विचारलं असतं का सर?"

"विचारलं होतं," सर म्हणाले. "त्याला येत नव्हत्या. म्हणून तर जागा खाली आहे."

प्रश्न वेडगळ नव्हता हे महिनाभरात कळलं. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्या मेणाची केसाहून पातळ पट्टी कापायची, ती कोमट पाण्यावर तरंगवायची आणि न मोडता, न सुरकुतता काचेवर उचलायची. अर्धवट वाळलेली कुरडई उलटायला जो हात लागतो तोच इथं लागतो. आईनं लहानपणी गच्चीवर उन्हात राबवून घेतलं त्याचं चीज असं झालं. मी तिथं बारा वर्षं टिकले.

सर पॅथॉलॉजिस्ट होते. रक्त-लघवी तपासणारे गावात तीन-चार जण होते. पण गाठ साधी की कॅन्सरची हे मायक्रोस्कोपच्या भिंगाखाली बघून सांगणारे हे एकटेच. मोठ्या शहरातली सरकारी कॉलेजातली नोकरी सोडून ते गावी आले होते. का सोडली, ह्याची प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट होती. बायकोशी पटलं नाही म्हणावं तर बायको इथंही होती, आणि तिचं त्यांच्याशी बरं चाललं होतं. सरांना विचारलं की ते म्हणायचे, "तिथं तुकडे यायचे. माणसं येत नव्हती."

म्हणून इथं त्यांचा नियम होता. कुणाचाही तुकडा आला की आधी विचारायचे, "ह्याचा मालक कुठाय? मालक दाखवा." मग स्कूटर काढून त्या दवाखान्यात जायचे, पेशंटच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचे आणि भलतंच काहीतरी विचारायचे. कोणत्या विहिरीचं पाणी पिता? शेतात उजव्या हातानं खुरपता की डाव्या? शेवटी म्हणायचे, "तकलीफ काय होती, पहिल्यापासून सांगा." माणूस सांगत राहायचा आणि हे मान हलवत राहायचे. आजाराबद्दल चकार शब्द नाही. परत आल्यावर मात्र भिंगाला डोळा लावायचे. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला पेशंट भेटतसुद्धा नाही, हे मला नंतर कळलं.

त्यांच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ ठरलेली असायची. "कळले नाही:" असं लिहून त्यापुढं त्या तुकड्यात त्यांना जे कळलं नसेल ते. सर्जन लोक ह्या ओळीवर जाम वैतागायचे. पैसे घेऊन अज्ञान कसलं कळवता, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. सर म्हणाले, "त्या ओळीचे पैसे मी लावत नाही."

मेणातले तुकडे ते कधीच टाकत नसत. औषधांच्या कपाटाचे सगळे खण त्यांनी भरले होते, आणि खणांवर नंबर नव्हते, गावांची नावं होती. नरसी, शिरड शहापूर, सिद्धेश्वर, कळमनुरी. मी पहिल्याच वर्षी त्याला नंबर द्यायचा घाट घातला. सरांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नंबर विसरतो. गाव विसरत नाही." माझी नवी कोरी वही त्यांनी किराण्याच्या यादीला घेतली.

आणि ज्वारी. भिंगाखाली ज्या पेशी एकाच्या दोन होत असतात त्या मोजाव्या लागतात. मोजायला बटण दाबायचं यंत्र मिळतं, ते आमच्याकडे होतं, आणि त्यावर धूळ होती. सर डावीकडच्या वाटीतून उजवीकडच्या वाटीत ज्वारीचा एकेक दाणा टाकायचे, डोळा भिंगावरून न काढता. म्हणायचे, "बटण चुकून दाबलं जातं. दाणा चुकून उचलला जात नाही." मोजून झालेली ज्वारी खिडकीत चिमण्यांना.

आता सक्रीबाईचं सांगते, कारण सर म्हटलं की मला तीच आठवते.

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. सिद्धेश्वर धरणाकडच्या एका बंजारा तांड्यावरची ही बाई, पन्नाशीला टेकलेली. पोटात डाव्या बाजूला दुखायचं, मधूनच रक्त पडायचं, आणि हाताला गोळा लागायचा. गावातल्या एका सर्जननं ऑपरेशन करून मोठ्या आतड्यावरची कवठाएवढी गाठ काढली. हात चांगला होता त्यांचा, डोकं गरम. गाठ त्यांना साधी वाटली, म्हणून तेवढीच सोलून काढली. औषधाच्या बरणीत घातली आणि सक्रीबाईच्या मुलाच्या, परसरामच्या, हातात दिली. आमची लॅब तिथून पायी दहा मिनिटांवर. ती गाठ आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पोचली.

बरणीत नाही, स्टीलच्या डब्यात. झाकण काढलं तर ओलं फडकं, फडक्यात कडुलिंबाचा पाला आणि पाल्यात गाठ. वास असा की मी खिडकीशी गेले.

"बरणीतलं औषध कुठाय?" सरांनी विचारलं.

"ते फेकलं सायेब," परसराम म्हणाला. तिशीचा धट्टाकट्टा गडी, पण हात जोडूनच उभा. "लई जळजळ करत व्हतं. जीपमधी समद्यांच्या डोळ्याला पानी आलं. म्हनलं, आईच्या आंगाचा तुकडा हाय, त्याला बी जळत आसंल. घरी नेऊन तीन पान्यानं धुतलं. मंग किडू नये म्हून लिंबाचा पाला घातला, दान्यात घालतो तसा."

"घरी काहून नेलं?"

"दावाव लागते ना सायेब. बापाचं वय झालं, त्याला दवाखान्यात येता येत न्हाई. तांड्याच्या नाईकाला दावलं, भावकीला दावलं. पोटातून काय काढलं ते समद्यांनी पायलं."

ह्याहून कितीतरी लहान चुकीसाठी सरांनी एका कंपाउंडरवर पेपरवेट फेकलेलं मी पाहिलं होतं. त्या औषधाशिवाय तुकडा नासतो, आणि नासलेल्या तुकड्यावर निदान म्हणजे पुसलेल्या पाटीवरचं वाचायचं. मी टेबलावरचं पेपरवेट हळूच उचलून घेतलं. पण सर डब्यात बघत राहिले, मग परसरामकडे.

"पाला चांगला ताजा घातलास," ते म्हणाले. "तांड्यावर पोचेपर्यंत बरणीत किती वेळ होता?"

"चार-पाच घंटे आसंल. जीप भरंना लवकर."

सर माझ्याकडे वळले. "म्हणजे चार-पाच तास औषध आत शिरलंय. संत्र्याच्या सालीएवढी कड टिकली असेल. आतलं गेलं. कडेकडेनंच काप."

त्या कडेत जे दिसलं ते मला त्यांनी समजावून सांगितलं, म्हणून मी सांगू शकते. आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तराचा असतो. पण आतड्याच्या भिंतीत एक स्नायूही असतो, आपण न सांगता अन्न पुढं ढकलणारा. त्या स्नायूचा कॅन्सर इतका विरळा की सरांनी उभ्या आयुष्यात दोन पाहिले होते. चरख्याच्या चातीसारख्या लांबट पेशी, एकमेकींना आडव्या-उभ्या गुंफलेल्या. त्याच स्नायूची साधी गाठही होते, आणि दोन्ही बघायला सख्ख्या बहिणी. त्या ओळखायच्या मुख्यतः पेशी किती झपाट्यानं एकाच्या दोन होतायत त्यावरून. पण नासलेल्या तुकड्यात मरणारी पेशी आकसते, काळी पडते आणि दोन होणारीसारखीच दिसते.

त्यामुळे एकेका दाण्यावरून सरांचं स्वतःशी भांडण. दाणा चिमटीत, हात हवेत आणि तोंडानं, "वाढतंय का मरतंय? वाढतंय का मरतंय?" दोन दिवस हेच. शंका असलेला दाणा परत डाव्या वाटीत. मला दुसऱ्या भिंगातून बघायला लावायचे. मी म्हटलं, "वाढतंय असं वाटतं." तर म्हणाले, "वाटतं का दिसतं?" संध्याकाळपर्यंत माझे डोळे सुजले. शेवटी उजव्या वाटीत इतके दाणे झाले की शंकेला जागा उरली नाही. शिवाय गाठ जिथून कापली होती त्या कडेपर्यंत त्याच पेशी होत्या. म्हणजे काही आतच राहिलं होतं.

सरांनी रिपोर्ट लिहिला: मोठ्या आतड्याच्या स्नायूचा कॅन्सर. शेवटी, "कळले नाही: आतला भाग नासल्याने पूर्ण स्वभाव कळला नाही. गाठ कडेपर्यंत आहे, एवढे नक्की कळले."

सर्जनसाहेब स्वतः लॅबमध्ये आले, रिपोर्ट हातात चुरगळून. "नासक्या तुकड्यावरून तुम्ही माझ्या पेशंटला परत फाडायला सांगताय?"

"हो."

"औषधं देऊ. किरणांचा शेक देऊ."

"ह्या आजारावर दोन्हीचा फारसा उपयोग होत नाही. ह्याचा इलाज तुमच्याच हातात आहे. दोन्ही बाजूंचं चांगलं आतडं थोडं थोडं घेऊन मधला भाग अख्खा काढा."

"आणि तुमचं निदान चुकलं असेल तर?"

"तर एका बाईचं पोट मी विनाकारण फाडायला लावलं असं होईल," सर म्हणाले. "मग हे दुकान बंद करतो."

त्यांचा आवाज शांत होता, पण ते स्वेटरचं टोक बोटांनी उसवत होते. मी तेव्हा पहिल्यांदा ओळखलं की हा माणूस घाबरतो. तोपर्यंत मला वाटायचं की तो फक्त विक्षिप्त आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटरवर तांड्यावर गेलो. नासत्या तुकड्याच्या घाईत ह्या वेळी मालक बघायची राहिली होती, आणि तोवर टाके काढून तिला घरी सोडलं होतं. सक्रीबाई खाटेवर बसून नातवाला रागावत होती. सरांनी विहीर, खुरपं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा कापावं लागेल."

"एकडाव कापलं ना? पुन्हा काहून?"

"वावरातली हराळी वरून खुरपली तर काय होतं?"

सक्रीबाईनं नातवाला बाहेर पिटाळलं. मग तिनं त्यांच्या बोलीत नवऱ्याला काहीतरी सांगितलं, बराच वेळ. परसराम खाली बघत होता. शेवटी ती म्हणाली, "मुळी न्यायची आसंल तर समदी न्या. पुन्हा पुन्हा न्हाई जमनार."

दुसरं ऑपरेशन झालं. ह्या वेळी परसराम बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून, डोळ्यांतून पाण्याच्या धारा काढत, दवाखान्यातून थेट आमच्या टेबलापर्यंत आला. त्या आतड्याच्या भिंतीत तुरीच्या दाण्याएवढी गाठ राहिलेली सापडली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चांगलं आतडं. सरांनी रिपोर्ट पाठवला. 'मी सांगितलं होतं' असं एका अक्षरानं म्हणाले नाहीत. सर्जनसाहेब त्यानंतर आपला प्रत्येक तुकडा आमच्याकडेच पाठवायला लागले आणि 'कळले नाही' ही ओळ आधी वाचायला लागले.

पुढं सहा वर्षं सक्रीबाई ठणठणीत होती. दर सहा महिन्यांनी तपासणीला यायची, आमच्या बाकावर बसून डबा खायची आणि माझं लग्न का होत नाही ह्याची जाहीर चौकशी करायची. माझं झालं, तेव्हा मूल का होत नाही ह्याची.

सहाव्या वर्षी सोनोग्राफीत यकृतात एक गाठ दिसली. एकच. सर्जनसाहेब म्हणाले, मुंबईला नेऊन काढून घ्या, एकच आहे तोवर संधी आहे. सक्रीबाईनं साफ नकार दिला.

"दोन डाव फाडलं. आता तिसऱ्यांदा न्हाई. मरायचं तर घरी मरंन."

सरांनी तिला समजावलं, मी समजावलं, परसराम पाया पडला. बाई हलेना. त्याच दिवसांत सरांच्या वाचण्यात काहीतरी आलं होतं. स्नायूचा कॅन्सर म्हणून आजवर ज्या गाठी नोंदल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच मुळात स्नायूच्या नव्हत्याच, दिसायला तशाच पण निराळ्या आजाराच्या होत्या. आता एक नवीन रंग निघाला होता. तो तुकड्याला लावला की निराळेपण कळतं. आणि त्या निराळ्या आजारावर गोळी निघाली होती. रोज गिळायची, कापाकापी नाही.

सरांनी 'सिद्धेश्वर' लिहिलेला खण ओढला आणि सहा वर्षांपूर्वीचा मेणातला तुकडा मिनिटभरात काढला. मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला पार्सल गेलं. सक्रीबाईला त्यांनी सगळं नीट सांगितलं. ती म्हणाली, "गोळी आसंल तर खाईन."

तीन आठवडे वाट बघायची होती. त्या तीन आठवड्यांत सर स्वतःच्या निदानात दोष काढायला बसले. जुन्या काचा काढायच्या, बघायच्या आणि मला सांगायचे, "हे बघ, हे स्नायूसारखं नाही वाटत. तुकडा नासका होता. तेव्हा कुठले रंग होते आपल्याकडे? मी चुकलेला असू शकतो, नाही का?" मला त्यांचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, तुमचं निदान पक्कं होतं. दोन दिवस मोजत होता तुम्ही, मी शेजारी होते."

"गप्प बस!" ते ओरडले. बारा वर्षांत माझ्यावर तेवढंच एकदा. मी डबा न खाता घरी गेले आणि रात्री अंथरुणात लक्षात आलं की मी काय बोलून बसले.

उत्तर आलं त्या दिवशी सक्रीबाई आणि परसराम बाकावर येऊन बसलेलेच होते. सरांनी पाकीट फोडलं. नवा रंग तुकड्यानं धरलाच नव्हता. स्नायूची खूण सांगणारा रंग मात्र ठसठशीत लागला होता. खाली मुंबईच्या डॉक्टरांनी हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या की इतक्या खराब तुकड्यावर, त्या काळात, असं अचूक निदान करणाऱ्याला त्यांचा नमस्कार. सरांनी तो कागद माझ्याकडे दिला. मी वाचला आणि घडी घालून पाकिटात ठेवला.

ते बाहेर जाऊन सक्रीबाईशेजारी बाकावर बसले. "बाई, माझं निदान बरोबर होतं," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून स्वेटरनं डोळे पुसायला लागले. माणसांनी भरलेल्या लॅबमध्ये. दोन पेशंट आणि रिपोर्ट न्यायला आलेला एक पोलीस, सगळे बघत होते.

सक्रीबाईनं त्यांना थोडा वेळ रडू दिलं. "म्हंजे गोळी न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"मंग रडून काहून राहिले? चुकले आसते तर रडायचं." तिनं पदराच्या टोकानं त्यांच्या चष्म्याची काच पुसली, ती आणखीच धूसर झाली. "त्या टायमाला तुमी म्हनले कापा. ते बराबर निघालं. मुंबईच्या मानसानं बी लिहून देलं. मंग आता कापा म्हनता ते बी बराबरच आसंल." परसरामकडे वळून तिनं त्यांच्या बोलीत काही सांगितलं आणि पुन्हा सरांना म्हणाली, "कवा निघायचं?"

चौथ्या दिवशी नांदेडहून मुंबईची गाडी धरली. सर बरोबर गेले. लॅबला त्यांनी सहा दिवस कुलूप लावलं. तसं त्यांनी मुलीच्या लग्नातही लावलं नव्हतं. यकृतातली गाठ निघाली, कडा मोकळ्या निघाल्या.

सक्रीबाई त्यानंतर सहा वर्षं जगली. सर चारच. त्यांच्या छातीत कधीपासून दुखत होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी भिंगासमोरच खुर्चीत गेले. तेराव्याला सक्रीबाई तांड्यावरून आली, पंगतीत माझ्याशेजारी बसली आणि पानाला हात न लावता बसून राहिली.

"मला कापा म्हनून सांगायला हा मानूस व्हता," ती म्हणाली. "ह्याला सांगायला कुनीच न्हवतं व्हय?"

तिचा आवाज चढलेला नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बारा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. मी खाली मान घालून पानातला भात कालवत राहिले.